तक्ता पाठ आहे, तोंड उघडत नाही

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

"मी मूळची रत्नागिरीची, वय ४१. मिस्टर मरीन इंजिनिअर. बरीच वर्षं ग्रीक मालकांच्या जहाजांवर काढल्यावर कंपनीने त्यांना पिरेयस बंदरातल्या ऑफिसात घेतलं, म्हणून आठ महिन्यांपूर्वी आम्ही तिघं अथेन्सला आलो. आठवड्यातून दोनदा ग्रीकच्या क्लासला जाते. वर्तमानकाळाचे तक्ते मला घडाघडा येतात: ग्राफो, ग्राफिस, ग्राफी, ग्राफुमे, ग्राफेते, ग्राफुन. दहावीला संस्कृतात ९६ मार्क होते, तेही तक्त्यांच्याच जोरावर. पण कोपऱ्यावरच्या बेकरीत बाईने 'ती थेलेते?' विचारलं की मी गडबडते आणि 'थेलो'च्या जागी 'थेली' म्हणून मोकळी होते. ती लगेच इंग्रजीवर येते. नऊ वर्षांचा मुलगा चारचौघांत मला सुधारतो. त्यात एका ओळखीच्या आजोबांनी जुनं व्याकरणाचं पुस्तक दिलंय, त्यातली रूपं क्लासमधल्यापेक्षा निराळीच! क्लास सोडून घरी शिकवणी लावावी, आधी सगळी क्रियापदं पक्की करावीत आणि मगच बोलायला लागावं, असं मनात आहे. की या वयात हा नाद सोडून इंग्रजीवर भागवू?"

ताई, तुमच्या पत्रातलं खरं दुखणं एका ओळीत आहे आणि ती ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत. 'थेलो'च्या जागी 'थेली' निघतं. थेलो म्हणजे मला हवंय, थेली म्हणजे त्याला किंवा तिला हवंय. याचा अर्थ तुम्ही असा लावलात की पाठांतर कमी पडतंय. मला तसं वाटत नाही. जिला सहाच्या सहा रूपं न अडखळता म्हणता येतात, तिचं पाठांतर कच्चं कसं? उलट मला शंका आहे की तुम्ही आणखी क्रियापदं याच पद्धतीने पाठ केलीत, तर आज एका 'थेलो'पाशी होणारी गडबड उद्या पन्नास ठिकाणी होईल.

तक्ता वरून खाली पाठ होतो. बोलणं तसं चालत नाही. समोरचा माणूस 'तुम्ही'च्या रूपात विचारतो आणि तुम्हाला 'मी'च्या रूपात उत्तर द्यायचं असतं. म्हणजे पाचव्या ओळीवरून थेट पहिल्या ओळीवर यायचं. सात सक किती असं विचारल्यावर काही मुलं मनात सात एके सातपासून सुरू करतात ना, तसं तुमचं होतंय. उत्तर येतं, पण तोवर मागची रांग चुळबुळायला लागते आणि जे रूप जिभेवर असेल ते बाहेर पडतं. संस्कृतात 'मि-वः-मः, सि-थः-थ' म्हणून मार्क पडले, कारण पेपरात तक्ताच विचारला होता. संस्कृत बोलून पाव आणायची वेळ तुमच्यावर कधी आली नाही.

तेव्हा वहीचं एक नवं पान घ्या आणि तक्ता आडवा लिहा. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, दोन्ही एकेका शब्दाचे:

थेलेते? थेलो.
एहेते? एखो.
मेनेते? मेनो.
क्सेरेते? क्सेरो.
मिलाते? मिलाओ.
बोरीते? बोरो.
पाते? पाओ.
ईस्ते? ईमे.

हवंय का, आहे का तुमच्याकडे, कुठे राहता, माहीत आहे का, बोलता का, जमेल का, कुठे निघालात, तुम्ही आहात का. अथेन्समधल्या तुमच्या सकाळी बहुतेक एवढ्यावर निघतात. सुपरमार्केटच्या काउंटरवरची मुलगी 'थेलेते साकूला?' विचारते, म्हणजे पिशवी हवी का. मग 'एहेते कार्ता?', म्हणजे दुकानाचं कार्ड आहे का. शेजारीण 'पू मेनेते?' विचारते, शाळेतली बाई 'मिलाते एलिनिका?' विचारते. सगळीकडे शेवटी '-ते' ऐकू येतं आणि तुमच्याकडून '-ओ' जायला हवा. ही अदलाबदल जिभेला लागली पाहिजे, डोक्याला नव्हे. म्हणून जोड्या क्रमाने म्हणू नका, नाहीतर त्यांचाही तक्ता होईल. चिठ्ठ्या करा, पिसा, वरची उचला.

'आम्ही'चं रूप याच्या पाठोपाठ घ्या. तुम्ही आणि मिस्टर बरोबर असलात की तेच 'एहेते' दोघांना उद्देशून येतं. 'एहेते पेदिया?', मुलंबाळं आहेत का? 'एखुमे एना यो', एक मुलगा आहे. 'तू'चं रूप घरातल्या घरात होईल, त्याबद्दल पुढे सांगते. 'तो' आणि 'ते' यांच्यासाठी आठवडी बाजार आहे. तुमच्या भागातही ठरलेल्या वारी ठरलेल्या रस्त्यावर 'लाइकी' भरत असेल. तिथे एका कलिंगडाचा भाव 'पोसो एही?' असा विचारतात आणि टोमॅटोंचा 'पोसो एखुन?' असा. आपणही 'कितीला आहे' आणि 'कितीला आहेत' म्हणतोच की. दहा गाड्यांवर दहा वेळा भाव विचारलात तर एकवचन-अनेकवचनाचा सराव होतो आणि भाजीही स्वस्त मिळते.

आता 'थेली'चं दुसरं कारण. ते पुस्तकात मिळणार नाही, कारण ही पुस्तकं मराठी माणसासाठी लिहिलेली नसतात. 'मला पाव हवाय' म्हणताना मराठीत क्रियापद पावाच्या मागे जातं. आपण बिचारे 'मला' होऊन बाजूला उभे असतो. ग्रीकमध्ये हवं असणारा माणूसच कर्ता असतो, आणि तो क्रियापदाच्या शेपटीत बसलेला असतो. तुमच्या मनात 'हवंय' हे तृतीय पुरुषी रूप तयार असतं, म्हणून तोंडून तृतीय पुरुष बाहेर पडतो. ही अक्कलेची चूक नाही, मराठी पक्कं असल्याची खूण आहे.

रोजच्या बोलण्यात आपण किती ठिकाणी 'मला' म्हणतो ते एकदा मोजून बघा. मला कळत नाही: देन कातालावेनो. मला माहीत नाही: देन क्सेरो. मला भूक लागलीय: पिनाओ. मला तहान लागलीय: दिप्साओ. मला थंडी वाजतेय: क्रियोनो. मला आठवतं: थिमामे. मला भीती वाटते: फोवामे. ही सगळी ग्रीकमध्ये सरळ 'मी'ची रूपं आहेत. 'आहे'चंही तसंच. मराठीत 'जवळ असणे'ला वेगळं क्रियापद नाही; आपण 'मला एक मुलगा आहे', 'माझ्याकडे कार्ड आहे' असं म्हणतो. म्हणून नवा मराठी विद्यार्थी तिथे 'ईने' (म्हणजे आहे) घालायला जातो. तिथे 'एखो' लागतं. अशा वाक्यांची वहीत वेगळी यादी ठेवा आणि वर ठळक लिहा: 'मला' म्हणू नये.

आणि मग एक अपवाद लिहा, कारण तो आपल्या फायद्याचा आहे. 'मला कॉफी आवडते' हे ग्रीकमध्ये अगदी मराठीसारखंच आहे: 'मू आरेसी ओ काफेस'. मू म्हणजे मला. आवडणारी गोष्ट एक असेल तर आरेसी, अनेक असतील तर आरेसुन, आवडते, आवडतात. तुमच्या वर्गातली इंग्रजी भाषिक मंडळी इथे डोकं धरून बसतील, तुम्ही बसू नका.

मराठीने फुकटात दिलेलं आणखी बरंच आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचा हिशेब कुठेच नाही. ग्रीक क्रियापदाला लिंग नाही. जातो-जाते-जातं हा घोळ नाही, तिघांनाही 'पाई'. कर्ता बोलून दाखवायची गरज नाही, 'येतेस का?' म्हणताना आपण 'तू' म्हणत नाही, तेही म्हणत नाहीत. 'लिहिते' आणि 'लिहितेय' दोन्हीला एकच 'ग्राफो'. किती दिवस झाले इथे येऊन, असं विचारलं तर 'ईमे एदो ओख्तो मीनेस', आठ महिने इथे आहे. साधा वर्तमानकाळ, मराठीत असतो तसाच. नकाराला क्रियापदाआधी 'देन' लावलं की झालं, रूप बदलत नाही. आपल्याकडे करते-करत नाही-करणार नाही असा बदल होतो, त्यापेक्षा हे सोपं.

दुकानात अदबीने मागायचं तर 'थेलो'ऐवजी 'था इथेला' म्हणतात. वाण्याकडे आपण 'अर्धा किलो साखर हवी होती' म्हणतो, तीच ही तऱ्हा. त्याचं व्याकरण आत्ता उकलू नका, आख्खा शब्द उचला.

तू-तुम्हीचा भेद तुम्हाला कोणी शिकवायला नको. अनोळखी मोठ्या माणसाला 'एसीस' आणि '-ते', मुलाला नि मैत्रिणीला 'एसी' आणि '-स'. फक्त दोन ठिकाणी सांभाळा. बाजारातला एखादा म्हातारा विक्रेता तुम्हाला सरळ 'ती थेलिस, कोरीत्सी मू?' म्हणेल, काय हवंय पोरी. आपल्याला अनोळखी माणसाचं 'तू' टोचतं. तिथे त्यात सहसा माया असते. तुम्ही मात्र उत्तरात 'तुम्ही'च ठेवा.

दुसरी जागा जास्त फसवी आहे. आपण समोर नसलेल्या माणसालाही मान देतो: सासरे येतायत, सर म्हणतात. ग्रीकमध्ये आदराचं अनेकवचन फक्त समोरच्या माणसापुरतं असतं. सासऱ्यांबद्दल 'एर्खोन्दे' म्हणालात तर ऐकणारा विचारेल, कोण कोण येतंय? तिथे 'एर्हेते', येतो. सासऱ्यांना 'येतो' म्हणताना जीभ जड होईल, माझीही व्हायची. पण तिथे त्यात अपमान नाही.

आता 'आधी सगळी क्रियापदं' या बेताकडे येऊ. तो माझ्या मते सोडून द्यावा. 'सगळी' असं काही नसतंच. शब्दकोशाला अंत नाही. पण त्यांची घराणी मोजकी आहेत आणि ती ओळखायची खूण शब्दातच असते. ग्रीक शब्दकोश क्रियापद 'मी'च्या रूपात देतो, कारण आपल्या 'करणे'सारखं रूप आजच्या ग्रीकमध्ये नाही. लिहिताना ज्या स्वरावर जोर, त्याच्यावर एक तिरकी रेघ असते. ही रेघ बघायची सवय लावा. शेवटच्या 'ओ'वर ती नसेल, आधी कुठेतरी असेल (थेलो, मेनो, पीनो, प्लिरोनो, दुलेवो), तर घराणं तुमच्या 'ग्राफो'चं. त्यातच बहुसंख्य क्रियापदं येतात. शेवट 'आओ' असेल आणि जोर 'आ'वर (मिलाओ, रोताओ, पिनाओ), तर प्रत्ययभर 'आ' पसरतो: मिलाओ, मिलास, मिलाई, मिलामे, मिलाते, मिलाने. आणि जोर शेवटच्या 'ओ'वरच असेल (बोरो, आर्गो, ओदिगो), तर बहुधा 'ई'चं घराणं: बोरो, बोरीस, बोरी, बोरुमे, बोरीते, बोरुन. बहुधा म्हणायचं कारण, 'मिलाओ'ला लोक 'मिलो'ही म्हणतात. अशा वेळी 'तू'चं रूप पाहायचं. तिथे 'आस' आहे की 'ईस', यावरून निकाल लागतो.

पाओ, लेओ, त्रोओ, आकुओ ही चार-पाच आखूड क्रियापदं तेवढी स्वतंत्र पाठ करा: जाणे, म्हणणे, खाणे, ऐकणे. पाओ, पास, पाई, पामे, पाते, पाने. पैकी 'पामे' तुम्ही रोज ऐकत असाल. 'जातो आम्ही' आणि 'चला' दोन्हीला तेच.

जोराकडे कानाडोळा करू नका. 'पीनो' म्हणजे पिते. तोच जोर पुढे ढकलून 'पिनो' म्हणालात तर भूक लागलीय असा अर्थ होतो ('पिनाओ'चंच दुसरं रूप). मराठीत जोराने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे नसतो. वहीत तुम्ही ग्रीक शब्द देवनागरीत उतरवत असणार, असा माझा अंदाज आहे. सुरुवातीला काही हरकत नाही. स्वरांसाठी देवनागरी रोमन लिपीपेक्षा कितीतरी प्रामाणिक. पण जोराच्या अक्षराखाली रेघ ओढा. आणि फार दिवस देवनागरीवर राहू नका, त्याचं कारण पुढच्या घराण्यात आहे.

हे घराणं 'ओमे'वाल्यांचं: एर्खोमे (येते), काथोमे (बसते), स्केफ्तोमे (विचार करते), ख्रियाझोमे (मला लागतं, गरज आहे). क्लासमध्ये ते नुकतंच आलं असेल किंवा येईल, आणि अर्धा वर्ग तिथे माना टाकेल. तुम्ही टाकू नका, कारण ते ९६ मार्क इथे कामाला येतात. आत्मनेपद आठवतंय? लभसे, लभते, लभन्ते. आता हे म्हणा: एर्हेसे, एर्हेते, एर्खोन्दे. से, ते, न्दे. हा योगायोग नाही. संस्कृत आणि ग्रीक एकाच मूळ भाषेतून फुटल्या आणि हे प्रत्यय दोघींनी तिथूनच आणले. तू येतेस, तो येतो, ते येतात, तिन्ही रूपं तुम्हाला शाळेपासून पाठ आहेत. 'मी'ला 'एर्खोमे', 'आम्ही'ला 'एर्खोमास्ते', 'तुम्ही'ला 'एर्हेस्ते', एवढी तीन नव्याने घ्या. 'ईमे, ईसे, ईने' हे 'असणे'सुद्धा याच चालीचं आहे.

पण पाहा, इथे एक सापळा आहे. आतापर्यंत '-ते' म्हणजे 'तुम्ही' होतं: थेलेते, एहेते. 'ओमे'वाल्यांत '-ते' म्हणजे 'तो' किंवा 'ती': एर्हेते. उच्चार तोच, कानाला फरक कळणार नाही, देवनागरीतही दिसणार नाही. ग्रीक लिपीत दिसतो: 'तुम्ही'चा 'ते' साध्या एप्सिलोनने लिहितात, 'तो'चा 'ते' आल्फा-योटाच्या जोडीने. खुद्द ग्रीक माणसं इथे घाईत चुका करतात, आपण 'कि' आणि 'की'त करतो तशा. म्हणून लिपी लवकर पक्की करा. २४ अक्षरं आहेत, आणि रस्ता हीच पाटी आहे. बंद घरांच्या दारांवर 'एनिकियाझेते' चिकटवलेलं असतं, भाड्याने देणे आहे. 'पोलिते', विकणे आहे. 'आपागोरेवेते', मनाई आहे. त्याच्यापुढे धूम्रपान किंवा पार्किंग. तिन्ही याच 'ते'ची रूपं, मोठ्या अक्षरांत, फुकट. शाळेत मुलाला सोडायला जाता-येता एकेक वाचत जा.

आजोबांच्या पुस्तकाबद्दल. त्यांनी प्रेमाने दिलंय, आभार माना आणि कपाटात ठेवा. त्यात 'लीओ'चा तक्ता असेल, तर ते व्याकरण प्राचीन ग्रीकचं. तिथे ही 'सोडवणे'ची रूपं नमुना म्हणून देतात. 'आम्ही'ला लीओमेन, 'ते'ला लीउसी, शिवाय संस्कृतासारखं द्विवचन. आज लोक लीनो, लीनुमे, लीनुन म्हणतात. आणि पुस्तक प्राचीन नसून नुसतं जुनं असेल, तरी ते कपाटातच बरं. ग्रीसमध्ये १९७६पर्यंत सरकारी आणि शाळेची भाषा जुन्या वळणाची 'काथारेवुसा' होती. त्यानंतर लोकांच्या तोंडची 'दिमोतिकी' आली. १९८२ साली जोराच्या तीन-तीन खुणा जाऊन एक उरली. त्याआधीच्या छापील पानावर अक्षरांच्या डोक्यावर मुंग्या दिसतील, त्यावरून ओळखा. आजोबांना मात्र सोडू नका. ते ज्या पिढीचे आहेत त्या पिढीला बोलायला वेळ असतो, आणि ते इंग्रजीवर उडी मारत नाहीत.

मुलाचं काय करायचं? चारचौघांत सुधारणं थांबव, हे त्याला मराठीत, आईच्या अधिकाराने सांगा. आणि घरात त्याला कामाला लावा. पानं घेताना त्याने तुम्हाला '-स'मध्ये प्रश्न विचारायचे: थेलिस? पिनास? ती कानिस? तुम्ही '-ओ'मध्ये उत्तर द्यायचं: थेलो, देन पिनाओ, मायिरेवो (स्वयंपाक करतेय). मग उलट, तुम्ही विचारा. 'तू'चं रूप इथे होऊन जातं. मुलं ज्या वेगाने प्रश्न विचारतात त्या वेगाने कुठलाही मास्तर विचारणार नाही. हे चार-पाच मिनिटंच करा. त्याला कंटाळा येण्याआधी थांबवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो बसायचा नाही.

इंग्रजीवर भागेल का? अथेन्समध्ये भागेल. पिरेयसच्या शिपिंग ऑफिसांत तर कामच इंग्रजीत चालतं, मिस्टरांचं अडणार नाही. तुमचं अडेल. शाळेच्या फाटकापाशी आया आपापसांत बोलतात ते ग्रीकमध्ये, दवाखान्यात नाव पुकारतात ते ग्रीकमध्ये, आणि मुलगा वर्षभरात मित्रांशी घरी फोनवर बोलायला लागेल तेही ग्रीकमध्ये. वयाचा मुद्दा मी धरतच नाही. तक्ते पाठ झालेत, म्हणजे स्मरणशक्ती शाबूत आहे.

बेकरीवाली इंग्रजीवर येते ती तुम्हाला कमी लेखून नव्हे. तिलाही रांग पुढे सरकवायची असते. तिला एकदा निवांत वेळी, दुपारी गर्दी नसताना सांगून ठेवा: 'माथेनो एलिनिका.' मी ग्रीक शिकतेय. मग 'सिगा सिगा', जरा हळूहळू. पुढच्या वेळेपासून ती थांबेल. 'थेलो एना प्सोमी' म्हणा, आणि ती 'काती आलो?', आणखी काही, म्हणाली तर 'ओही, एफ्खारिस्तो' म्हणा. हे 'एफ्खारिस्तो'सुद्धा क्रियापदच आहे बरं, वर्तमानकाळ, प्रथम पुरुष: आभार मानते. 'बोरो'च्या घराण्यातलं. गेले आठ महिने तुम्ही ते दिवसाला वीस वेळा बिनचूक चालवताय, तक्त्याशिवाय.

शिकवणीचे पैसे खर्च करायचेच असतील तर क्लास सोडून नको, क्लासच्या जोडीला घ्या, आठवड्याला एक तास पुरे. क्लासने घराण्यांचा क्रम लागतो आणि तुमच्यासारखीच अडखळणारी चार माणसं भेटतात, ते मोडू नका. शिकवायला येणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की तक्ते मला येतात, फळ्यावर काही लिहू नका. अर्धा तास मला '-ते'मध्ये प्रश्न विचारा, उरलेला अर्धा तास मी तुम्हाला विचारेन. मी 'थेली' म्हणाले तर दुरुस्त करू नका, तोच प्रश्न पुन्हा विचारा. 'मला जायचंय', 'मला बोलायचंय' असली, ग्रीकमध्ये क्रियापदाआधी 'ना' लागणारी वाक्यं मध्ये येतील, त्यांत क्रियापदाचं मूळच बदलतं; ती दोन महिने पुढे ढकलायला सांगा. फक्त एक आत्ताच पाठ करून ठेवा, कारण ते उद्याच लागेल: 'बोरो ना प्लिरोसो मे कार्ता?' कार्डाने पैसे देऊ का?